नववीच्या पाच जणांचा पर्जन्यमापन प्रकल्प : कामं कशी वाटावीत, नोंदी कशा ठेवाव्यात?

शिवारफेरी

मराठवाड्यातली जिल्हा परिषदेची शाळा, नववीतले पाच विद्यार्थी. विषय असा घेतलाय : एकाच महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांचा गट) वेगवेगळ्या वस्त्यांवर पडणाऱ्या पावसात किती फरक असतो? २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि तो आकडा मंडळाच्या पर्जन्यमापन केंद्रावरचा असतो. 'आमच्या शिवारात सोयाबीन पाण्यात अन् मंडळात ४० मिमी' ही तक्रार दर पावसाळ्यात पारावर ऐकू येते. ती खरी की खोटी, ते मोजून बघायचं आहे.

आराखडा : चार वस्त्या आणि शाळा मिळून पाच पर्जन्यमापक. दोन लिटरच्या बाटल्या कापून, वरचा भाग उलटा बसवून, बाजूला पट्टी चिकटवायची. मोजणी जूनअखेर ते सप्टेंबर. कामाची वाटणी अशी : एक जण उपकरणं, एक नोंदवही, एक नकाशा, एक तक्ते-आलेख, एक सादरीकरण. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला न्यायचा विचार आहे.

काय चुकतंय ते सांगा. विशेषतः मुलांच्या आपापसातल्या कामाबद्दल.

मोजपट्टी

विषय फार चांगला घेतलाय. आधी उपकरणाचं बोलतो, कारण उपकरण कच्चं असलं की पुढची सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

बाटली आणि पट्टी दोन्ही रद्द करा. शीतपेयाच्या बाटलीचा तळ पाकळ्यांचा असतो, अंग मध्येच बारीक होतं, त्यामुळे पट्टीवरचा एक मिलिमीटर म्हणजे पावसाचा एक मिलिमीटर होत नाही. शिवाय पाच घरांतून पाच वेगळ्या बाटल्या येणार. त्याऐवजी :

ड्रेनेजचा ११० चा पीव्हीसी पाईप (प्लंबर 'चार इंची' म्हणतो) घ्या आणि एकाच पाइपातून २० सेंमीचे पाच तुकडे कापा. प्रत्येकाच्या खाली साधं प्लास्टिकचं नरसाळं एम-सीलने बसवा. नरसाळ्याची नळी पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये. वरचा उभा तुकडा नसेल तर जोराच्या सरीत उथळ नरसाळ्यातून थेंब उडून बाहेर जातात.

आता गणित. पाइपावर ११० लिहिलेलं असतं तो बाहेरचा व्यास. पाऊस आत पडतो. तेव्हा आतला व्यास तीन दिशांनी मोजून सरासरी काढा. समजा १०.४ सेंमी आला, तर तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ८५ चौ. सेंमी. म्हणजे १ मिमी पाऊस = ८.५ मिली पाणी, आणि ६५ मिमी म्हणजे ५५२ मिली. ११ सेंमी धरून बसलात तर तेच ५५२ मिली पाणी ५८ मिमी दाखवेल आणि अतिवृष्टी कागदावरून गायब होईल.

व्यासात नुसती एका मिलिमीटरची चूकही कमी नाही. कॅनमध्ये ५४४ मिली पाणी आहे. व्यास १०.४ धरला तर ६४.० मिमी, १०.३ धरला तर ६५.३. म्हणून व्यास प्रत्येकाने स्वतंत्र मोजायचा, आपापल्या चिठ्ठीवर लिहायचा आणि मगच पाचही चिठ्ठ्या उघडायच्या. व्हर्नियर कॅलिपर नववीच्या प्रयोगशाळेत असतोच, त्याला या निमित्ताने कपाटाबाहेर काढा.

तळकोकणी

वरच्या प्रतिसादाला जोड. नरसाळं कॅनच्या तोंडात अगदी घट्ट बसवलं तर आतली हवा बाहेर पडत नाही, पाणी नरसाळ्यात तुंबतं. कॅनच्या खांद्याला, मुठीच्या आडोशाला ३ मिमीचं भोक पाडा. आणि नरसाळ्याच्या बाहेरून ओघळणारं पाणी कॅनच्या तोंडात शिरू नये म्हणून जोडावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. बाहेरच्या अंगावर पडलेला पाऊस मोजणीत आला तर त्याचा हिशेब लागत नाही.

पाच लिटर तुमच्याकडे भरपूर झाले. या मापाने कॅनमध्ये ५८० मिमीहून जास्त मावतो. आमच्या पट्ट्यात कुणी करणार असेल तर दोनदा मोजा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. या उपकरणात ते आठ लिटर झालं असतं.

अधिक_उणे

मोजायचं कशाने? शाळेत १०० मिलीचे पाच मोजनळे मिळणार नाहीत. पर्याय : मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज (सुईशिवाय), प्रत्येक घरी एक. पण ५५० मिली पाणी सिरिंजने काढताना दहावी की अकरावी, हे हमखास विसरतं. म्हणून दोन जणांनी करायचं : एक ओढणार, दुसरा दर सिरिंजला वहीत रेघ मारणार. किंवा मोठ्या पावसाच्या दिवशी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. भरलेला कॅन वजा रिकामा कॅन, १ ग्रॅम म्हणजे १ मिली. कॅन बाहेरून पुसून घ्यायचा. ओल्या कॅनवरचं पाणी काट्याला वेगळं कळत नाही.

गळती तपासायला ५०० मिली पाणी वरून ओता आणि परत मोजा. पाइपाच्या भिंतीला चिकटून चार-पाच मिली जातं, ते चालतं. त्याहून जास्त गेलं तर एम-सील पुन्हा.

खडूफळा

कामाच्या वाटणीवर येतो, कारण धागाकर्त्याचा मुख्य प्रश्न तोच आहे आणि अजून कुणी हात घातलेला नाही.

'एक उपकरणवाला, एक वहीवाला, एक सादरीकरणवाला' ही वाटणी वरून नीटनेटकी दिसते आणि ऑगस्टमध्ये कोसळते. उपकरणवाल्याचं काम जूनमध्ये संपतं. सादरीकरणवाल्याचं सुरूच होत नाही. वहीवाला एकटा रोज राबतो आणि चिडतो. परीक्षक उपकरणवाल्याला विचारतात, 'सप्टेंबरचा आलेख असा का?' तो वहीवाल्याकडे बघतो. परीक्षकांना तिथेच कळतं.

कामं दोन जातीची आहेत, ती वेगळी करा. मोजणी सगळ्यांची, रोज, न चुकता. ती कुणा एकाकडे नसतेच. बाकीची कामं प्रत्येकाकडे एक, पण त्याला एक जोडीदार तपासनीस. उदाहरणार्थ :

अ – मोठी नोंदवही (पाच घरांच्या वह्यांतून शनिवारी उतरवणं), तपासनीस आ
आ – मिलीचे मिमी करणं, बेरजा, तपासनीस इ
इ – मंडळाचा रोजचा आकडा सरकारी संकेतस्थळावरून उतरवून ठेवणं, तपासनीस ई
ई – नकाशा, वस्त्यांमधली अंतरं, अडथळ्यांची उंची, तपासनीस उ
उ – उपकरणांची देखभाल, दर पंधरवड्याला पाची ठिकाणी चक्कर, तपासनीस अ

तपासनिसाने नुसती सही ठोकायची नाही. दहातले तीन आकडे स्वतः पुन्हा करायचे आणि कोणते केले ते लिहायचं. महिना संपला की सगळे एक घर पुढे सरकतात. चक्र असं सरकल्यावर कुणाचंही काम दुसऱ्याला अनोळखी राहत नाही.

नियम जूनमध्येच कागदावर लिहून पाची जणांच्या सह्या घ्या. एक पान पुरे : किती वाजता मोजायचं, चुकलं तर काय लिहायचं, दोन वाचनांत किती फरक चालेल, कुणाचं म्हणणं कधी अंतिम. भांडण झाल्यावर केलेला नियम कुणाच्या तरी विरुद्ध केलेला वाटतो.

बोरीबाभळी

खडूफळाशी सहमत, एक सोडून. आकड्यांच्या बाबतीत 'कुणाचं म्हणणं अंतिम' हा प्रश्नच यायला नको. दोघांनी वेगवेगळं वाचायचं, न बोलता लिहायचं, मग दाखवायचं. २ मिलीपर्यंत फरक असेल तर सरासरी. जास्त असेल तर दोघांनी पुन्हा. गटप्रमुखाने ठरवलेला आकडा हा आकडाच नव्हे.

आणि तारीख! या प्रकारच्या प्रकल्पात सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. हवामान खात्याची पद्धत अशी : सकाळी ८.३० ला मोजलेला पाऊस म्हणजे आधीच्या २४ तासांचा, आणि तो मोजलेल्या दिवसाच्या तारखेला लिहितात. मुलांपैकी दोघं तसं लिहितात, दोघं 'पाऊस तर काल पडला' म्हणून कालच्या तारखेला लिहितात. दोघांचंही बरोबरच वाटतं. मग आलेखात एका वस्तीचे उंच खांब दुसरीपेक्षा एक दिवस मागे दिसतात आणि मुलं 'ढग पूर्वेकडे सरकत होते' असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. असा एका दिवसाचा सारखा सरक दिसला की आधी वही बघा, आभाळाकडे नंतर.

शिवारफेरी

उपयोगी. व्यासाचं मान्य, पाइपाचा तुकडा आजच बघतो.

दोन अडचणी. (१) शनिवारी सकाळची शाळा असते, ८.३० ला मुलं वर्गात. (२) एका वस्तीवर घराभोवती मोकळी जागाच नाही, पत्र्याचं शेड आणि चिंच.

अधिक_उणे

शनिवारसाठी सगळ्यांची वेळ ७ करा. रोजच ७.

बोरीबाभळी

असहमत. मंडळाच्या आकड्याशी तुलना हाच प्रकल्पाचा गाभा आहे. ७ ते ८.३० मध्ये सर आली तर तुमच्याकडे ती उद्याच्या तारखेला जाईल, मंडळाकडे आजच्या. महिन्याच्या बेरजेला फारसा फरक पडणार नाही, पण ६५ मिमीचा प्रश्न रोजच्या आकड्यावर उभा आहे. ८.३० च ठेवा.

शनिवारी घरातलं कुणीतरी मोजेल. आजी, काका, धाकटी बहीण, कुणीही चालेल. फक्त त्यांना एकदा शिकवा : सिरिंज डोळ्यांच्या पातळीला धरायची. नोंदवहीत 'कोणी मोजलं' असा रकाना ठेवा. महिन्याअखेर शनिवारचे आकडे बाकीच्या दिवसांपेक्षा विचित्र दिसतात का, हे त्या रकान्यामुळेच तपासता येतं.

अधिक_उणे

मान्य. तुलनेचा मुद्दा डोक्यात नव्हता.

मोजपट्टी

जागेबद्दल : अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर हवं. पत्र्याचं शेड ४ मीटर असेल तर ८ मीटर दूर. चिंच १२ मीटर असेल तर २४. घराभोवती जमत नसेल तर शेताच्या बांधाजवळ लावा, पण रोज चालत जायचं अंतर पाच-सात मिनिटांच्या आत हवं. जास्त असेल तर भरपावसात कुणी जात नाही. गच्चीवर ठेवू नका, कठड्याजवळ वारा उसळतो आणि थेंब तोंडावरून वाहून जातात.

कॅन जमिनीत थोडा पुरा, पाइपाची कड जमिनीपासून साधारण ३० सेंमी वर येऊ द्या. कड पाणसळ लावून सपाट करा. भोवती खडी किंवा गवत, नाहीतर चिखलाचे शिंतोडे आत. शेळ्यांसाठी चारी बाजूंनी काटेरी फांद्या, पण त्या पाइपाच्या कडेपेक्षा उंच नकोत.

खडूफळा

त्या चिंचेखालच्या मुलाबद्दल एक सांगायचं राहिलं. समजा जागा बदलणं जमलंच नाही, आणि सप्टेंबरमध्ये ठरलं की त्याच्या नोंदी तुलनेत घ्यायच्या नाहीत. तो मुलगा तीन महिने रोज भिजत गेलेला असतो. त्याच्या नोंदी नुसत्या खोडल्या तर गट तिथेच फुटतो. घेतल्या तर निष्कर्ष चुकतो.

यावर उपाय जूनमध्येच करायचा. त्याला दुसरा कॅन द्या : एक चिंचेखाली, एक जवळात जवळच्या मोकळ्या जागी, कुणाच्या बांधावर का होईना. मग झाड किती पाऊस अडवतं हा वेगळा उपप्रश्न होतो. हलक्या सरीत झाडाखाली फार कमी पोहोचतं, मोठ्या पावसात फरक कमी होतो, आणि पाऊस थांबल्यावरही पानांवरून टपटप चालू राहते. आलेख छान येतो. त्याचं काम वाया जात नाही आणि मुख्य तुलनाही शुद्ध राहते.

हस्ताक्षर

वाचनखूण साठवली. नोंदवहीबद्दल थोडं.

रकाने : तारीख | प्रत्यक्ष वेळ | मिली (वाचन १) | मिली (वाचन २) | कोणी | शेरा. मिमीचा रकाना घरच्या वहीत ठेवूच नका. मिलीचे मिमी शाळेत, एका ठिकाणी, एका सूत्राने. घरी केलेल्या भागाकारात दशांश चिन्ह सरकलं तर मूळ आकडा कायमचा हरवतो.

शून्य आणि कोरा रकाना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जाऊन बघितलं आणि कॅन कोरडा होता : ०. बघितलंच नाही : आडवी रेघ आणि कारण. ओलसर होता पण सिरिंजमध्ये येण्याइतकं नव्हतं : 'थेंब'. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं पाणी एकत्र असतं. ते दुसऱ्या तारखेला कंसात लिहायचं, निम्मं-निम्मं वाटून टाकायचं नाही. कंसातले आकडे महिन्याच्या बेरजेत घ्यायचे, ६५ च्या तपासणीत नाही.

पेनने लिहा, चुकलं तर एकच आडवी रेघ, व्हाइटनर नको.

आता नाजूक गोष्ट. बनावट नोंदी होतात. मुलं लबाड असतात म्हणून नव्हे, कोरा रकाना बघून सर ओरडतील म्हणून. पहिल्या दिवशीच सांगा की कोऱ्या रकान्याला गुण कापले जाणार नाहीत. तरी तपासायचं असेल तर महिन्याचे मिलीचे शेवटचे अंक बघा. खऱ्या मोजणीत ० ते ९ सगळे येतात. सगळे ० आणि ५ वर संपत असतील तर एकतर सिरिंज ढोबळ वाचली जातेय किंवा आकडे घरबसल्या पडताहेत. दोन्हीला उपाय एकच : त्या घरी जाऊन मुलासोबत एकदा मोजणं. वर्गात उभं करून विचारलंत तर पुढच्या महिन्यात शेवटचे अंक सुंदर विखुरलेले मिळतील, इतकंच.

गावकुसाबाहेर

व्हॉट्सॲप ग्रुप करा, रोज सिरिंजचा फोटो टाकायला सांगा. बनावटीचा प्रश्न मिटला.

हस्ताक्षर

नाही मिटत. फोन वडिलांचा, ते ८ ला शेतात गेलेले. वस्तीवर रेंज नाही. ज्याच्या घरी फोन नाही तो पहिल्याच आठवड्यात मागे पडतो. शिवाय तिरक्या फोटोवरून वाचलेला आकडा दोन-तीन मिलीने सहज हलतो. शनिवारी वहीच्या पानाचा एक फोटो शाळेतल्या फोनवर, एवढं पुरे. वही भिजली, हरवली तर प्रत राहते.

तळकोकणी

अजून एक पायरी कुणी लिहिली नाही, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. वस्त्यांवर नेण्याआधी पाचही उपकरणं शाळेच्या मैदानात दोन-दोन मीटरवर एका ओळीत ठेवा. निदान चार-पाच चांगले पावसाचे दिवस मिळेपर्यंत हलवू नका.

एकाच मैदानात, एकाच पावसात पाच आकडे वेगळे येतील. समजा सरासरीपासून ४ टक्क्यांपर्यंत हलतात. मग पुढे दोन वस्त्यांत ३ टक्के फरक आला तर तो पावसाचा म्हणता येणार नाही, उपकरणाचा आणि हाताचाही असू शकतो. २० टक्के आला तर बोला. परीक्षक 'फरक पावसाचाच कशावरून?' हे विचारतातच. या ओळीतल्या दिवसांचा तक्ता पुढे ठेवला की उत्तर झालं.

गटासाठी दुसरा फायदा : पाचही जण एकाच ठिकाणी, एकमेकांसमोर मोजायला शिकतात. कोण सिरिंज तिरकी धरतो, कोण तळाला राहिलेलं पाणी सोडून देतो, तेव्हाच दिसतं. घरोघरी गेल्यावर कुणाला दिसणार?

जूनमध्ये पाऊस लांबला तर घाईने वस्त्यांवर नेऊ नका. चार आठवडे कमी मिळाले तरी चालतील.

गावकुसाबाहेर

मग मध्येच उपकरणं आपापसात बदलली तर? फरक आपोआप सरासरीत जिरेल.

मोजपट्टी

पाचच उपकरणं आणि तीन महिने. बदलाबदलीत कोणता कॅन कुठे होता हाच गोंधळ वाढेल. उपकरण जिथल्या तिथे ठेवा, त्यावर तैलरंगाने क्रमांक घाला. सप्टेंबरअखेर पुन्हा एकदा सगळी मैदानात ओळीने ठेवा. जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये फरक सारखाच निघाला तर उपकरणं मधल्या काळात बिघडली नाहीत असं म्हणता येतं. बदलायचीच असतील तर माणसं बदला : पंधरवड्यातून एकदा दुसऱ्या वस्तीवर जाऊन त्या मुलासोबत दुसरं वाचन घ्यायचं.

बोरीबाभळी

निष्कर्ष लिहिताना सांभाळा. 'मंडळाचं यंत्र चुकीचं' असं एकही वाक्य नको. मंडळाचं केंद्र एका बिंदूवर मोजतं, तुमचे पाच कॅनही पाच बिंदूंवरच मोजतात. स्वयंचलित केंद्रात छोटी डोलबादली भरली की कलंडते आणि ते कलंडणं मोजलं जातं. फार जोराच्या पावसात ती कलंडत असताना थोडं पाणी निसटतं, म्हणून आकडा किंचित कमी येऊ शकतो. हे माहीत असावं, पण पोस्टरवर आरोप म्हणून नको.

तक्ता दोन्ही बाजूंनी करा : वस्तीवर ६५ च्या वर आणि मंडळात खाली असे दिवस किती, आणि मंडळात वर पण वस्तीवर खाली असे किती. पहिलाच दाखवला तर ती तक्रार झाली, प्रकल्प नव्हे. एका पावसाळ्यात असे दिवस एक-दोनच मिळतील, कदाचित शून्य. म्हणून त्याच्या जोडीला, ज्या दिवशी कुठल्या तरी ठिकाणी २.५ मिमी किंवा जास्त पडला (हवामान खाते यालाच पावसाचा दिवस म्हणतं) त्या सगळ्या दिवसांचा सर्वाधिक आणि सर्वांत कमी यांतला फरक काढा. महिनावार मांडा. जूनमधल्या आणि सप्टेंबरमधल्या गडगडाटी सरी चार किलोमीटरवर कोरडं सोडतात, जुलैची झड बऱ्यापैकी सारखी पडते. मुलांना हा फरक आकड्यांत सापडला तर उत्तमच, नाही सापडला तर तेही लिहायचं.

खडूफळा

सादरीकरणासाठी : प्रदर्शनाचं परिपत्रक आधी वाचा. कित्येक ठिकाणी टेबलाशी दोनच विद्यार्थी उभे राहू देतात. दोघं कोण, हे गोड बोलणाऱ्यांतून निवडू नका. पाच विभागांवर प्रत्येकी चार प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहा, प्रत्येकाने स्वतःचा नसलेल्या विभागाची चिठ्ठी उचलायची. जे दोघं दुसऱ्यांचं काम नीट सांगू शकतात ते उभे राहतील. पोस्टरवर पाचही नावं, सारख्या आकारात, आणि कोणी काय केलं ते एका ओळीत.

शिवारफेरी

बदललेला आराखडा : ११० चे सहा तुकडे, वेळ ८.३०, घरच्या वहीत फक्त मिली, आधी मैदानात ओळ, नियमांचं पान सह्यांसकट, चिंचेपाशी दोन कॅन. कामाचं चक्र महिन्याने.

राहिलेला प्रश्न : पोळा, गौरी-गणपती या दिवसांत निदान दोन मुलं मामाच्या गावी जाणार, घरीही कुणी नसेल. तीन-चार दिवस कॅन तसाच राहील. पाणी उडून नाही का जाणार?

तळकोकणी

नरसाळ्याची नळी बारीक असेल तर तीन-चार दिवसांत फारसं जात नाही. ऊन पडलं तर कॅन तापतो, म्हणून पुरलेला बरा. वरचा भाग गोणपाटाने झाका, फक्त पाइपाचं तोंड मोकळं. जाण्याआधी कॅन पूर्ण रिकामा करून वेळ लिहायला सांगा, हे हमखास विसरतात. परत आल्यावर सगळं पाणी एकदाच मोजून त्या तारखेला कंसात. आणि नरसाळ्याच्या तोंडाशी जाळीचा तुकडा लावा. चार दिवस कुणी फिरकलं नाही की एखादं पान किंवा किडा नळीत अडकतो आणि पाणी वरच तुंबतं. मोजण्याआधी नळी मोकळी आहे का ते बघा, तुंबलेलं पाणी कॅनमध्ये उतरू द्या, मग सिरिंज लावा.